पाणी संपतं, शंका संपत नाही

पत्र थोडक्यात: विदर्भातल्या एका लहान गावातून पंचवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय. बारावी झालेली, लग्नाला चार वर्षं, दीड वर्षाची मुलगी, घरी चार एकर कोरडवाहू वावर. बाळंतपणानंतर तिला वजूबद्दल, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याबद्दल, शंका यायला लागली, कोपर भिजलं की नाही, टाच कोरडी राहिली का, आणि आता एका वजूला पाऊण तास आणि दोन बादल्या पाणी लागतं. नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून घरात रोज भांडण. जोहरची म्हणजे दुपारची नमाज पुन्हा पुन्हा पढता पढता असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ होते. कोणती नमाज शंकेची झाली ते लिहून ठेवायला तिनं एक वही केलीय, ती भरत आलीय, आणि त्या नमाज परत पढायच्या का असंही ती विचारते. मुलीला ती उचलत नाही, कारण तिच्या शूचे शिंतोडे आपल्याला लागतील, सगळं आता सासू करते. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवलेलं असताना, अल्लाहबद्दल असे विचार येतात की ते लिहायची हिंमत होत नाही म्हणते. मौलाना म्हणाले शैतानचा वसवसा आहे, म्हणजे तो मनात शंका घालतोय, जिक्र वाढव, अल्लाहचं नाव जास्त घे. नणंद म्हणते बाहेरचं आहे, सैलानी बाबांच्या दर्ग्याला नेऊ. मिस्टर म्हणतात डॉक्टरला दाखवू. तिला भीती आहे की डॉक्टर नमाज सोडायला सांगेल आणि गाव म्हणेल पागल झाली. तिचा प्रश्न: आपा, माझं ईमान कमजोर आहे का, अजून किती इबादत वाढवू? आणि खाली बारीक अक्षरात तीन ओळी: महिन्याच्या त्या सात दिवसांत नमाज माफ असते तेव्हाच मला बरं वाटतं. बरं वाटलं म्हणून शरम वाटते. कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये.

बेटा,

शेवटच्या ओळीपासून सुरू करते कारण ती ओळ वाचून मी पत्र खाली ठेवू शकले नाही. झोपावं आणि उठूच नये, हे तू मला लिहिलंस, आता आज रात्रीच मिस्टरांनाही सांग, याच शब्दांत सांग, गोल गोल फिरवून नको. आणि तुमच्या घरी वावर आहे म्हणजे फवारणीची औषधं असणारच, कोठ्यात किंवा पलंगाखाली, तर ती त्यांना उद्या सकाळी घराबाहेर काढून कुलपात ठेवायला सांग, चावी त्यांच्याकडे. आपल्या भागात एका वाईट घडीला हाताशी डबा होता म्हणून किती घरं रिकामी झाली हे तुला मी सांगायला नको. तो विचार जोरात आला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि फोनवर थांबण्यासारखं नसेल तर सरळ सरकारी दवाखान्यात इमर्जन्सीला जायचं, रात्र असली तरी.

हा विचार आला म्हणून तू गुन्हेगार झालीस असं मात्र समजू नको. कुरआनात सूरह मरयम तू पढलीच असशील, प्रसूतीच्या कळा सोसत खजुराच्या बुंध्याशी आलेली हजरत मरयम म्हणते की याआधीच मी मेले असते तर किती बरं झालं असतं, विसरून गेलेली असते. एवढी पाक बाई, आणि तिच्या तोंडी हे. त्यावर तिला कुणी रागावलं नाही. तिला सांगितलं गेलं की दुःख करू नको, पायाखाली झरा आहे, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, डोळे थंड कर. मी ही आयत कितीदा वाचली असेल, पण बाळंतिणीला आधी पाणी आणि खाणं दिलं गेलं हे मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर कळलं.

आता तुझा प्रश्न. ईमान कमजोर आहे का. तू हा प्रश्न विचारतेस त्याआधीच तू काहीतरी धरून चाललीयेस बघ, की जे चाललंय ते ईमानचं दुखणं आहे म्हणून त्याचा इलाज इबादत वाढवणं. मला वाटतं गाडी इथंच चुकीच्या रस्त्याला लागलीय. तू सात दिवसांची गोष्ट शरमेनं लिहिलीस, मला तर ती पूर्ण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटली. त्या सात दिवसांत तू अल्लाहला विसरतेस का? नाही ना. दुआ करतेस, दरूद पढतेस, अजान झाली की ओढणी डोक्यावर घेतेस. म्हणजे ईमान जागच्या जागी आहे. फक्त तपासणी बंद असते, भिजलं का, झालं का, मोजलं का, हे बंद असतं, आणि ते बंद झालं की तुला श्वास येतो. तुला त्रास नमाजचा नाहीये. त्रास त्या तपासणीचा आहे, ती नमाजचे कपडे घालून आलीय म्हणून ओळखू येत नाही.

या आजाराला डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याची भयंकर भीती वाटते, ती घालवायला माणूस काहीतरी पुन्हा पुन्हा करतो, दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग विचार दुप्पट जोरानं परत येतो. खरजेसारखं आहे, खाजवलं की बरं वाटतं आणि खाजवल्यानंच चिघळतं. हा आजार माणसाला जे सगळ्यात प्यारं असतं तिथंच जाऊन बसतो. कुणाला गॅस चालू राहिला का वाटतं, कुणी कुलूप वीसदा ओढून बघतं, आमच्या शेजारच्या एका काकूंना देवपूजेतला मंत्र चुकला वाटायचं आणि त्या तांब्या रिकामा करून पूजा पहिल्यापासून मांडायच्या. तुला नमाज प्यारी, म्हणून तुझ्या नमाजवर बसला. बाळंतपणानंतर हा पहिल्यांदा दिसतो किंवा वाढतो हेही डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, तुझी तारीख त्याला बरोबर जुळते. २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली होती, बंगळुरूच्या निम्हान्सनं केलेली, त्यात मानसिक आजार असलेल्या १०० पैकी ७० पेक्षा जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तू त्या सत्तरात राहू नये एवढंच मला पाहिजे.

माझी एक खाला होती. चुलीत घालायच्या पऱ्हाट्या पण ती धुवायची. वावरातून पऱ्हाटीचा भारा आला की त्याला कुत्रा लागला असेल म्हणून एक एक काडी पाण्यातून काढायची आणि कुडाला टेकवून वाळत घालायची, मग स्वयंपाक. पावसाळ्यात त्या वाळायच्याच नाहीत, पोरं दुपारपर्यंत उपाशी. तिचे हात कसे झाले होते ते मला अजून दिसतं, बोटांच्या पेरांवर पांढऱ्या भेगा आणि त्यात राख भरलेली. आणि लोक काय म्हणायचे, केवढी परहेजगार बाई आहे, असं पाहिजे. आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो. कुणाच्याच मनात आलं नाही की ही रात्री रडते काहून. ती गेली तेव्हा मी नववीत होते, आणि तिला काय झालं होतं ते मला कॉलेजात एका पुस्तकातलं पान वाचताना कळलं, तिथंच लायब्ररीत रडले मी. म्हणून तुझं पत्र मी असं वाचलं.

मौलाना साहेब वसवसा म्हणाले ते चूक नाहीये, शब्द बरोबर आहे, पण त्या शब्दाच्या पुढं दीन काय सांगतो ते तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. मी आलिमा नाही, जे सगळ्यांना माहीत असलेलं आहे तेच लिहिते. वजूत अवयव तीनदा धुवायचे, त्यापेक्षा जास्त करणाऱ्यानं ज्यादती केली असं हदीसमधे, पैगंबरांच्या वचनांत आहे. नमाजमधे वजू तुटल्याची शंका आली तर जोपर्यंत आवाज येत नाही किंवा वास येत नाही तोपर्यंत नमाज सोडू नको, हे बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही किताबांत आहे. आणि फिकहचा, म्हणजे धर्माच्या नियमशास्त्राचा, तर कायदाच आहे की शंकेनं यकीन, पक्की खात्री, जात नाही. म्हणजे तुला जिथं वाटतं की मी अजून एकदा धुतलं तर अल्लाह राजी होईल, तिथं शरीयत स्वतः म्हणतेय की बस कर. ज्याला शंका येतच राहतात त्यानं शंकेकडं लक्षच देऊ नये, असं जुने उलमा लिहून गेलेत, पाचव्यांदा वजू करणं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ते सजद्यातले विचार. तू लिहिले नाहीस, मला लिहून पाहिजेतही नाहीत. सहाबांनी, पैगंबरांच्या साथीदारांनी, एकदा हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लमना येऊन सांगितलं की आमच्या मनात असं असं येतं की ते तोंडातून काढणंसुद्धा आम्हाला भयंकर वाटतं. त्यांनी विचारलं, खरंच असं वाटतं तुम्हाला? ते म्हणाले हो. तर उत्तर आलं की हेच तर उघड ईमान आहे. सहीह मुस्लिममधे आहे हे. विचार आला याचा हिशोब नाही, तो तुला भयंकर वाटतो यातच तुझं उत्तर आहे.

आणि मुलगी. हे लिहिताना माझा हात थोडा थांबतो, कारण तुला अजून एक गुन्हा चिकटवायचा नाहीये मला, तू तिला टाळतेस ते प्रेम नाही म्हणून नव्हे हे मला कळतं. पण तुला हे माहीत असावं की हुजूर आपल्या नातीला, उमामाला, अंगावर घेऊन नमाज पढले आहेत, सजद्यात जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना परत उचलून घ्यायचे. मशिदीत एखादं लेकरू रडायला लागलं तर त्याच्या आईचा जीव तुटेल म्हणून ते नमाज छोटी करायचे. या दोन हदीस मी तुला वाद घालायला देत नाहीये, तू फक्त एवढं बघ की ज्या दीनसाठी तू लेकराला खाली ठेवलंस त्या दीनमधे लेकराला नमाजमधेसुद्धा जागा होती.

मात्र एक सांगते, हे सगळं वाचून तुला दोन दिवस बरं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी शंका नवीन तोंड घेऊन येईल, की ही हदीस माझ्या केसला लागू होते का, आपाला पूर्ण माहिती आहे का. मग तू यूट्यूबवर एक मुफ्ती ऐकशील, मग दुसरे, मग तिसरे. हे पण हात धुणंच आहे बेटा, पाण्याऐवजी फतव्यानं. म्हणून एक समजूतदार आलिम धर, एकच, आणि त्यांच्याकडं मिस्टरांना पाठव किंवा सोबत जा, सगळं खरं सांगा, किती वेळ लागतो, हात कसे झालेत, आणि ते जे सांगतील ते शेवटचं. पुन्हा तोच प्रश्न विचारायचा नाही. जिक्र वाढव एवढंच म्हणून ते परत पाठवत असतील तर मिस्टरांनी अदबीनं सांगावं की मौलाना, हिला आजार आहे, हिला कमी करायला सांगा. मला खात्री आहे बहुतेक मौलाना हे ऐकतील, त्यांच्यापर्यंत गोष्ट अर्धीच पोचलेली असते.

डॉक्टरची भीती. नमाज सोडायला कुणी चांगला डॉक्टर सांगणार नाही, आणि सांगितलंच तर तू नाही म्हणू शकतेस, डॉक्टर बदलू शकतेस. उपचार दोन आहेत आणि दोन्ही मिळून चांगले चालतात. एक गोळ्या. त्यांची सवय लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, आणि या आजारात त्यांचा असर दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसात फरक नाही म्हणून सोडून देऊ नको. मुलगी अजून अंगावर पीत असेल तर ते आधी सांग, दूध पाजताना चालतील अशा गोळ्या असतात. दुसरा उपचार बोलण्याचा आणि सरावाचा. त्यात काय करतात, तर शंका येऊ द्यायची आणि धुवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, करताना छाती धडधडते. पण थांबलीस तर ती भीती वर चढते आणि मग आपोआप खाली येते, पहिल्यांदा तासभर लागेल, नंतर कमी कमी. हे माहितीतल्या माणसासोबत, थोडं थोडं करायचं असतं. नमाज तशीच राहते, पाच वेळा, प्रत्येक एकदा.

हे नवं फॅड आहे असं घरात कुणी म्हणालं तर सांग की नवव्या-दहाव्या शतकात बल्खचे अबू जैद अल-बल्खी म्हणून आलिम होऊन गेले, त्यांनी शरीराच्या आणि मनाच्या तब्येतीवर एकत्र पुस्तक लिहिलंय, त्यात मनाचे त्रास चार सांगितलेत, राग, भीती, उदासी आणि वसवसा. हजार वर्षांपूर्वी. कैरोत १२८४ साली जो मोठा दवाखाना बांधला त्यात मनाच्या रुग्णांना वेगळी जागा होती. आणि अल्लाहनं असा आजार उतरवला नाही ज्याची दवा उतरवली नाही, ही हदीस तर आपल्या घरोघरी फ्रेममधे लटकलेली असते, ती शुगर-बीपीलाच लागू आहे असं कुठं लिहिलंय?

नणंदेवर चिडू नको. ती घाबरलीय म्हणून सैलानी म्हणते, आपल्या भागात हिंदू असो की मुसलमान, डोक्याचं काही झालं की पाय तिकडंच वळतात, पिढ्यांची सवय आहे. तुझा जीव मानत असेल तर जा, फातेहा पढ, दुआ माग, बसमधे चार जणांसोबत हवा लागेल. पण तिथं कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, बांधायची किंवा मारायची गोष्ट काढली, तर मिस्टरांनी त्याच पावली तुला घेऊन परत यायचं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीला बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जीव गेले. माणसाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बंदी आहे, आणि भूत उतरवायच्या नावानं मारहाण करणं आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. दुसरीकडं गुजरातेत उनावाला मीरा दातारच्या दर्ग्यात दवा आणि दुआ सोबत चालवलंय, मुजावर लोक, दर्ग्याचे सेवक, दुआ करून रुग्णाला तिथंच बसलेल्या डॉक्टरकडं पाठवतात. असं आपल्याकडं प्रत्येक ठिकाणी झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पागल म्हणतील. हो, एखादी म्हणेल. तर तिला नागपूरचे ताजुद्दीन बाबा आठवून दे. ज्यांच्या दर्ग्यावर आपल्या सगळ्यांच्या घरातले लोक जातात ते बाबा १८९२ पासून १९०८ पर्यंत नागपूरच्या पागलखान्यात होते, इंग्रजांनी ठेवलं होतं, मग राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून आपल्याकडं आणलं. म्हणजे ज्या जागेचं नाव काढलं की आपण तोंड लपवतो तिथं लोक जियारतला जातात. तुला तर तिथं भरती व्हायचंही काम नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागाची ओपीडी असते, कोणत्या वारी असते ते गावच्या आशाताईला विचार किंवा १४४१६ वर विचार. केसपेपर काढायचा, बसायचं, सांगायचं. गावात काय सांगायचं असं वाटत असेल तर हाताच्या चामडीला दाखवायला चाललोय म्हणा, खोटं पण नाहीये ते.

घरच्यांसाठी थोडं. तुझे मिस्टर चांगले दिसतात, पण तू विचारतेस भिजलं ना कोपर, आणि ते म्हणतात हो भिजलं, दिवसातून तीस वेळा, हे त्यांना वाटतं आपण मदत करतोय. ती मदत आजाराला होते. त्यांनी प्रेमानं म्हणायचं की यावर मी उत्तर देणार नाही, आपलं ठरलंय, आणि मग विषय बदलून चहा मांडायचा. पहिले काही दिवस तू चिडशील, रडशील, त्यांनी टिकायचं. सासूबाईंनी पाण्यावरून टोमणे बंद करावेत, कारण टोमण्यानं शंका कमी होत नाही, फक्त लपून धुणं वाढतं, पहाटे तीनला उठून. मात्र डॉक्टर भेटेपर्यंत एक गोष्ट सगळे मिळून करू शकता, वजूला एक लोटा, भरून शेजारी ठेवायचा, तो संपला की वजू झाला, टाक्याकडं परत जायचं नाही. जमलं नाही एखाद्या दिवशी तर नाही जमलं, दुसऱ्या वेळेला परत एक लोटा. हाताला रात्री खोबरेल लावून झोप, साबण सध्या कमी कर.

मुलीला आज उचलणं जमणार नसेल तर नको. पण ती झोपलेली असताना तिच्या बाजूला बस, डोक्यावरून हात फिरव, आणि नंतर हात न धुता दहा मिनिटं बसून राहून बघ. उद्या वीस.

आणि ती वही. आतापर्यंतच्या शंकेच्या नमाज परत पढायच्या का, असं तू विचारलंस. तोच एक आलिम, एकदाच विचारायचं, ते म्हणाले गरज नाही तर गरज नाही. तोपर्यंत त्यात नवीन ओळ लिहायची नाही. वही मिस्टरांकडं दे, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवू दे, आणि दवाखान्यात जायच्या दिवशी पिशवीत घाल. पहिल्याच भेटीत आपल्याला काय होतं हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, तिथं गेल्यावर जीभ अडकते. तुझी अडकली तर काही बोलू नको, फक्त ती वही डॉक्टरच्या टेबलावर उघडून ठेव.